वैद्याचे दहा गुण

दादा गेल्यावर दोनेक महिन्यांनी गास गावच्या मित्राचा फोन आला. "खेळ अर्धाच राहिलाय. येतेस?"

माझा मोठा भाऊ, मी आणि आमचे दोन मित्र, असे आम्ही चौघे रविवारी गासच्या मित्राच्या ओटीवर बसायचो. गासचा गोष्ट सांगायचा, आम्ही तिघे तिच्यातली माणसं व्हायचो. दुसरा, फुलपाडा गावचा मित्र योद्धा, मी चोर, दादा वैद्य. इंग्रजी नियमपुस्तकाची झेरॉक्स मी पाठ केली होती, म्हणून सगळे मला वकीलबाई म्हणायचे. खेळाला लागणारा वीस बाजूंचा फासा वसईत कुठे मिळणार? गासच्याच्या घरच्या हौजीच्या पिशवीत आम्ही एक ते वीस एवढेच आकडे ठेवले होते. प्रत्येक पात्राला ठरावीक गुण, ते त्याच्या कसबांवर वाटायचे; त्या कसबाचे गुण आणि पिशवीतून निघालेला आकडा मिळून वीस भरले की काम फत्ते.

वैद्य असून दादानं बहुतेक गुण घासाघिशीवर घातले होते. राक्षसानं खायला एक माणूस मागितला की हा विचारायचा, "अर्धी कोंबडी चालेल का?" तासभर तेच. आम्ही रक्तबंबाळ होऊन वाट बघायचो.

खेळणारा उरला नाही की त्याचं पात्र नुसता 'सोबती' होतं, असा नियम. सोबत्याला दहाच गुण. मात्र सगळे एकाच कसबाला दिले तर दुप्पट धरायचे.

"सगळे जखमा बांधण्याला दे, वकीलबाई," फुलपाड्याचा म्हणाला. "सरळ वीस. कधी चुकणारच नाही."

"आणि घासाघीस?"

"तिचा काय उपयोग झालाय आजवर?"

आठवडाभर मी गोखिवऱ्याला माझ्या घरी पेन्सिलीनं मांडत, खोडत बसले. पाच-पाच केले तर दोन्ही कामं अर्धवट. सात-तीन, तेच. कसेही वाटले तरी दादा त्या दहात बसेना. शेवटी चिडून सगळे जखमांना देऊन टाकले.

सोबती उत्तम निघाला. योद्धा पडला की "वैद्य, बांध" म्हणायचं. आकडाही काढावा लागत नसे. एरवी त्याच्याशी कुणी बोलत नसे.

"कसला जबरी झालाय ना?" फुलपाड्याच्यानं विचारलं. मला पिशवी भिरकावून द्यावीशी वाटली.

त्याच दुपारी पुलावर राक्षस आला आणि त्यानं एक माणूस मागितला.

"अर्धी कोंबडी चालेल का?" वैद्याच्या वतीनं मी म्हटलं.

"अगं, त्याची घासाघीस शून्य आहे. वीसच निघायला हवा," फुलपाड्याचा म्हणाला.

"मला नियम सांगू नकोस."

सात निघाला.

गासच्यानं तो आकडा तळहातावर घेतला. "राहू दे. धरू या जमलं."

"सात आहे."

"आपणच तर आहोत इथे, कोण बघतंय?"

"सात म्हणजे नाही!" माझा आवाज एवढा चढला की आतून त्याची आई डोकावून गेली.

दादा असता तर आत्ता पुढे सरकून बसला असता. सातला वीस धर. बरं, अठरा. बरं, निदान आणखी एकदा काढू दे.

मी गासच्याच्या तळहातावरून सात उचलून पिशवीत टाकला.

मग फुलपाड्याच्याच्या योद्ध्यानं तलवार काढली.