पंजाबरावांचे अकोल्याचे रविवार

पंजाबरावांनी अकोल्यात दुसरं बिऱ्हाड थाटलं, ही बातमी आमच्या अमरावतीच्या गल्लीत पार्बताबाईंनी आणली. दर रविवारी हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या एसटीत बसतो, हातात वरूडच्या संत्र्यांची पिशवी, आणि संध्याकाळी परततो. पिशवी रिकामी अन् तोंड उतरलेलं, अजून कोणता पुरावा पायजे, असं त्या म्हणत.

बिऱ्हाड नव्हतं. अनुप नावाचा चौदा वर्षांचा पोरगा होता, आणि तो पंजाबरावांशी बोलत नव्हता.

पंजाबराव आठवडाभर तिवस्यात टपाल वाटतात आणि सुटीला पोरांच्या फुटबॉलचे रेफरी होतात. निर्णयाआधी दोनदा खाकरायचं, कमरेचा पट्टा वर ओढायचा, मग म्हणायचं, ‘पाऊ द्या मले जरा.’ एवढं केलं की मी हुबेहूब पंजाबराव होई आणि आमचा अख्खा संघ लोळे. पण अकोल्याविरुद्धच्या सामन्यात, तिथल्याच मैदानावर, ते खाकरलेच नाहीत. उंच चेंडूला आम्ही दोघं उडालो, मी अमरावतीकडून, अनुप अकोल्याकडून. त्याचं कोपर माझ्या गालाला घासून गेलं. पंजाबरावांची नजर चेंडूवर होती; त्यांनी पाहिलं काहीच नाही, ऐकलं तेवढं. आणि मी ओरडलो ते हुबेहूब, दाढ उपटताना आमचे मोठे काका ओरडले होते तसं.

शिट्टी वाजली, लाल कार्ड निघालं. अनुप एवढंच म्हणाला, “सर, मी वर पायत होतो.” अहवालात पंजाबरावांनी लिहिलं: मुद्दाम मारलं. त्यावरून अनुपवर खेळायची बंदी आली.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर सुटल्यावर पोरांची फर्माईश आली. मागच्या सीटवर मी अनुप केला, शिट्टी केली आणि शेवटी ते ओरडणं केलं, हुंदक्यासकट जसंच्या तसं. हशा पिकला. पुढं बसलेले पंजाबराव वळले.

“खरं दुखलेला माणूस दोनदा सारखा वरडत नाई, बाबू.”

मला वाटलं, आता कान धरतील. पण ते अमरावतीपर्यंत समोरच्या काचेकडे बघत राहिले. पोरगं ओरडलं, पण शिट्टी तर आपण वाजवली, हे त्यांच्या मनात तेव्हाच रुतलं असणार. नकळत लागलेला धक्काही फाऊल असू शकतो, बेसावधपणाचा. त्याला फ्री किक पुरते. लाल कार्ड देताना त्यांनी पोराच्या मनातलं ठरवून टाकलं होतं, न पाहता. दुसरा अहवाल लिहून त्यांनी चूक कबूल केली, बंदी उठली. तोवर अनुपनं बूट धाकट्या भावाला देऊन टाकले होते.

तेव्हापासून पंजाबरावांनी रविवारचे सामने सोडले आणि माफी मागायला अनुपचं घर धरलं. अनुपची आई, मनकर्णाबाई, चहा ठेवत, संत्री घेत. अनुप मागच्या दारानं पसार होई. हे तासभर बाजेवर बसून परत येत. पार्बताबाईंची बातमी त्यांच्या कानावर गेली, तेव्हा म्हणाले, “म्हणू द्या. पोराच्या नावावर मी खोटं लिवलं, थोडं माह्याही नावावर असू द्या.”

हे ऐकल्यावर आपणच जाऊन खरं सांगावं असं वाटलं. त्यांच्यासोबत अकोल्याला जायची हिंमत मात्र झाली नाही. पाचव्या रविवारी स्टँडवर गाठून म्हटलं, काका, तो काई येत नाई आता, लावता शर्यत?

“काय लावतं?”

तो परत खेळला तर साऱ्यांसमोर वरडून दाखवीन, अन् कोणाची नक्कल होती तेही सांगीन, असं मी म्हणालो. ते दोनदा खाकरले, पट्टा वर ओढला. “पाऊ द्या मले जरा.” आणि बसमध्ये चढले.

सातव्या रविवारी पंजाबराव गेले नाहीत. अकोल्याची पोरंच इकडे खेळायला आली, आणि बसमधून उतरताना शेवटून दुसरा अनुप होता, भावाकडून परत मागून आणलेल्या बुटांत. माझी शर्यत पंजाबरावांनी त्याच्या कानावर घातली असणार. दोन्ही संघ रांगेत उभे राहिल्यावर पंजाबरावांनी मला नुसती मान हलवून पुढं बोलावलं. अनुपसमोर उभं राहून मी मोठ्या काकांच्या दाढेचं सांगितलं आणि ओरडलो. तिसऱ्यांदाही अगदी तसंच निघालं, आणि कोणी हसलं नाही.