लसणाचा वास

धुळ्यात साक्री रस्त्यावर एक माणूस भरीत-भाकरीची गाडी लावतो. फोडणीत लसूण टाकला की समोरच्या गिऱ्हाइकाला विचारतो, "भाऊ, करपना का? वास ल्या बरं." मला आधी ती थट्टा वाटली. पण मोटारसायकलवरून डोक्यावर पडल्यापासून त्याला वासच येत नाही. "रगत निंघनं नही, म्हनीसन दवाखानामा गऊ नही," तो सांगतो. रक्त नाही म्हणजे मार नाही, हा हिशेब आपणही असाच करतो.

परवा गाडीकडे वळताना एक तरुण दुचाकीसकट आपटला. हेल्मेट आरशाला लटकलेलं. कपडे झटकत म्हणाला, "काही नाही झालं. एक भरीत द्या." मिनिटभराने पुन्हा, "एक भरीत द्या." मग तिसऱ्यांदाही तेच.

भरीतवाल्याने झारा टाकला. "तुले आते भरीत नही, रिक्षा भेटी," म्हणत त्याला रिक्षात बसवलं आणि स्वतःही बसला. करपल्याचा वास मला आला. मी गॅस बंद करून गाडी राखत थांबलो.

तासाभराने तो परतला. "ॲडमिट करी लिधं त्याले. डोकामा रगत शे." मग कढईकडे पाहून विचारलं, "भाऊ, करपना का?"

"करपला."

"करपू द्या," तो म्हणाला आणि कढई घासायला बसला.