जन्माचंच होतं

"यांनीच कापलंय. भगताकडे नेलं असणार."

डॉक्टर हे मला बोलला नाही. माझ्याकडे बघत सिस्टरला बोलला. माझा पोरगा टेबलावर. पाच वर्षांचा. पडदा उघडा. मागे सगळी रांग बघतेय.

सिस्टर तापीकाठची. ती अहिराणीत म्हणाली, "खरं सांग वं बाई, काय करं पोऱ्याले?"

मी भिल्लाची बाई, धडगावच्या वरच्या पाड्यातली. मराठी शाळेत शिकले, पण त्या टेबलापाशी नुसती नाही-नाही म्हणून मान हलवत राहिले. पोराची लघवीची वाट टोकाला नव्हती, खाली होती. असं असलं की वरची कातडी जन्मापासून अपुरी असते, एवढंच त्या डॉक्टरला माहीत. माझ्या पोराची पुरी होती. म्हणून त्याला वाटलं, ही वाट आम्हीच कापून पाडली. कातडीखाली झाकलेलं, म्हणून आम्हालाही इतकी वर्षं दिसलं नाही. शाळेत चड्डी भिजायची. बाई ओरडायच्या. घरी मी ओरडायचे. म्हणून तर दवाखान्यात आणलं होतं.

नवरा गुजरातेत ऊसतोडीला. फोनवर म्हणाला, भगताकडे नेलंस का? डॉक्टर खोटं कशाला बोलेल? सासू माझ्या हातचं जेवेना.

एक दिवस मी भाकरी थापत होते. पोरगा चुलीजवळ बसलेला. आमच्या बोलीत आईला याहा म्हणतात.

"याहा, तू मला कापलं का?"

मला रडू फुटलं. त्याला वाटलं, म्हणजे कापलंच.

मग मी त्याला घेऊन जीपनं घाट उतरले, लांबच्या शहरात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला. पोराला विचारून मग तपासलं. म्हणाल्या, हे पोटातूनच आहे. क्वचित एखाद्याची कातडी पुरी असते, त्यामुळे लपून राहतं. यात तुमचा हात नाही. ऑपरेशन त्यांनीच केलं.

टाके दाखवायला पहिल्याच दवाखान्यात गेले. जवळ तोच. डॉक्टरनं ओळखलं. शिकाऊ पोरांना हाक मारली. "या, बघा. जंगलात काय करतात ते."

मी टेबलाच्या आड उभी राहिले.

"हे जन्माचं आहे साहेब. तुम्हाला ओळखता आलं नाही. यांच्यासमोर तसं सांगा, मग हात लावा."

तो म्हणाला, बाई, बाहेर थांबा. मी हलले नाही. त्यानं सांगितलं नाही. मी हात लावू दिला नाही. पोराला कडेवर घेतलं आणि पुन्हा लांबचा रस्ता धरला.

जखम भरली. चड्डी आता भिजत नाही. पण अंघोळ घालायला गेले की पोरगा मागे सरतो. माझ्या हातांना भितो. ते कुठल्या ऑपरेशननं जात नाही.

आता पाड्यातली कुठलीही आई पोराला घेऊन खाली दवाखान्यात निघाली की मी तिच्यासोबत जाते. बाहेर बसत नाही, आत जाते. तिच्याकडे कुणी बोट दाखवलं तर मी विचारणार, कशावरून? उत्तर मिळेपर्यंत तिथून उठणार नाही.