ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा सेमिनार

मी शिकवायचे त्या सावेडीतल्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक सेमिनार द्यावा लागे, तोही इंग्रजीतच. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमचे विभागप्रमुख सर तो कुळाचारासारखा पाळत. मुलं मग गाईडमधली पानं घोकून येत आणि एका दमात म्हणून खाली बसत.

त्या वर्षी पाथर्डीकडची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील दर हंगामात कोपरगावकडे ऊसतोडीला जात. ती दहावीपर्यंत मराठीतूनच शिकलेली. डॉप्लर परिणामावरचा उतारा तिने न अडखळता म्हटला, आणि त्याच सुरात 'सी फिगर ऑन नेक्स्ट पेज' हेही म्हणून टाकलं. मागे फळा कोरा! वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पुन्हा. तेव्हाही असंच झालं तर नापास."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

"म्याडम, मी कॉलेजातून नाव काढून घेते. कळतं सगळं, पन तोंडातून इंग्रजी निघतच न्हाई."

"कळतं ना? मग मला सांग. तू घरी बोलतेस तसं."

"ऊस भरून ट्रॅक्टर आमच्या कोपीम्होरून, पाचटाच्या झोपडीम्होरून, जायचा. टेपवर लई मोठ्यानं गानं. जवळ येताना आवाज बारीक, म्होरं गेला की एकदम जाड. लहानपनी मला वाटायचं, गानारीच बदलली."

माझं डोकं फिरलं. तिच्यावर नव्हे, आमच्यावर. हाच तर डॉप्लर परिणाम, आणि एवढी हुशार पोर आम्ही घालवायला निघालो होतो! तशीच सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, ती मराठीत बोलेल."

"आणि दर्जाचं काय, मॅडम?"

"दर्जा फिजिक्सचा बघायचा की इंग्रजीचा? संज्ञा ती इंग्रजीत सांगेल, गणित फळ्यावर मांडेल. आणखी काय हवं?"

"बरं, बोलू दे," सर म्हणाले. पटलं म्हणून नव्हे, माझ्या तोंडी कुठे लागा म्हणून.

आठवड्याने ती फळ्याशी गेली. ट्रॅक्टर काढला, त्याच्यापुढे दाटीवाटीच्या लहरी, मागे विरळ. फ्रिक्वेन्सी, वेव्हलेंग्थ इंग्रजीत लिहिलं. बोली मात्र तिची. सुरुवातीला फळ्याकडेच बघून बोलत होती, मग ती आम्हाला विसरूनच गेली. गानारी बदलल्याचं सांगितलं तेव्हा वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तिच्याबरोबर.

सर खुर्चीत पुढे सरकले. ते मूळचे श्रीगोंद्याकडचे, पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावाकडचा एक शब्द मी ऐकला नव्हता.

"अगं पन," ते एकदम म्हणाले, "मी सोताच ट्रॅक्टरवर बसलोय. मंग मला कसं ऐकू यायचं?"

सगळ्यांनी एकदम वळून सरांकडे पाहिलं. तिने मात्र क्षणभरही विचार केला नाही.

"मंग न्हाई बदलायचं, सर. तुमी गान्यासंगंच चाललाय की!"

"व्हय की!" सरांनी मांडीवर थाप मारली. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते कानापर्यंत लाल झाले. टाळ्यांनी वर्ग दणाणला. सर्वांत जोरात मी वाजवत होते, आणि डोळे भरून आले होते तेही लपवलं नाही.

टाळ्या थांबल्यावर ती माझ्याकडे वळली. "म्याडम, नाव ऱ्हाऊ द्यायचं का मंग?"

मी तोंड उघडायच्या आतच सर उठून उभे राहिले.

"कोन काढतंय तुजं नाव? मी हाय की हितं!"