लॅपटॉपचा ताप बघणारे काका

काका लॅपटॉप हातात आला की आधी उलटा करायचे. मग हाताची पालथी बाजू त्याच्या पोटाला लावून, डोळे मिटून, क्षणभर गप्प उभे राहायचे. आजारी पोराच्या कपाळाला आई हात लावते ना, अगदी तस्सं. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. "कणकण आहे," किंवा "फणफणलाय गो हा!" स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसायची सोय त्यांनीच करून ठेवलेली असायची, पण त्यांचा विश्वास आधी हातावर, मग आकड्यावर. काकी आतून ओरडायच्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या कपाळाला कधी हात लावलेला आठवत नाही. त्या डबड्याचा ताप बरा कळतो!" काका तितक्याच शांतपणे म्हणायचे, "तुझो ताप लांबूनच समाजता."

मी मूळची वाशीमकडची. नववीत शाळा सुटली आणि लालबागला चाळीत आत्याकडे आले. दिवसभर मसाल्याच्या दुकानात काम. डंकावर मिरची कुटून यायची, ती चाळायची आणि पिशव्या भरायच्या. काका आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. मालवणकडचे, एका कापड कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झालेले. चाळीत कुणाचाही लॅपटॉप म्हातारा झाला की तो काकांच्या टेबलावर जायचा आणि लिनक्स ही हलकी सिस्टिम घालूनच परत यायचा. "ह्या वयात ह्याला जड सिस्टिम पचत नाही," काका सांगायचे. "हलका आहार द्या, अजून चार पावसाळे काढील." बोलायचे ते पुस्तकी मराठी, पण खुशीत आले की घसरून मालवणीत उतरायचे. काका मालवणीत आले की समजायचं, आज चहा मिळणार.

माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, गावाहून आईचा फोन का आला, नाही आला तर का नाही आला. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना लॅपटॉप घेऊन मी पहिल्यांदा काकांकडे गेले तेव्हा एका दमात सगळं सांगून टाकलं. "काका, लई गरम होऊन राहिला हा, बंद पडला तर मी काय करू, परीक्षा आहे, त्यात लाइट नसते, आत्याला सांगितलं नाही अजून, दुकानात सुट्टी मिळेल की नाही…" काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फॅन वाजताहा तुझो."

मी घाबरून लॅपटॉपकडे बघितलं. तो तर बंद होता. काकींच्या हातातला डाव हसता हसता खाली पडला.

परीक्षेचं असं होतं की एका कंपनीला मराठी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणारी माणसं हवी होती. घरी बसून काम. मुख्य म्हणजे मार्कशीट मागत नव्हते, फक्त कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायची. नववी सुटलेल्या मुलीला असं दार पुन्हा कधी उघडं मिळणार? पण परीक्षा दुपारची, आणि चाळीची दुरुस्ती चालू असल्यामुळे दुपारी मेन स्विच बंद. इंटरनेट मोबाइलवरून घेता आलं असतं, लॅपटॉपला मात्र सगळा वेळ स्वतःच्या बॅटरीवर तग धरायला हवा होता. तोही अडखळून चालणार नव्हता, कारण टाइप करण्याचा वेगच तर मोजणार होते.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बॅटरीच्या चित्रावर क्लिक केलं की तीन पर्याय दिसायचे: परफॉर्मन्स, बॅलन्स्ड आणि पॉवर सेव्हर. मी आधी पहिला धरला. लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घोंघावला आणि बॅटरी सरावाच्या मध्यातच संपली. मग शेवटचा धरला. बॅटरी टिकली, पण एक शब्द टाइप केला की अक्षरं रेशनच्या रांगेतून आल्यासारखी एकेक करून यायची. मग घाबरून मी नेटवर शोधलं आणि बॅटरी वाचवणारे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम आणखी टाकले. एकापेक्षा दोन बरे, असा माझा हिशेब.

काकांनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "एका स्वयंपाकघरात दोन सासवा आणल्यास? एक म्हणते गॅस मोठा कर, दुसरी म्हणते बारीक कर. सुनेनं करायचं काय?"

"एकीनं माझं काय केलं ते ह्यांच्या लक्षात आहे का विचार," काकी भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

काकांनी दोन्ही सासवा काढून टाकल्या, लॅपटॉप त्याच्या मूळच्या सेटिंगवर आणला आणि मधला पर्याय लावला. मला ते पटेना. मी म्हटलं, "काका, मधलं म्हणजे धड वेगही नाही आणि धड बचतही नाही."

"हीच तर चूक होते सगळ्यांची." त्यांनी स्क्रीनवर प्रोसेसरच्या वेगाचा आलेख उघडला. "आता एक अक्षर टाइप कर." मी केलं. रेघ टुणकन वर गेली आणि लगेच खाली बसली. "बघितलंस? मधलं म्हणजे अर्धा वेग नव्हे. काम आलं की धावायचं, संपलं की लगेच बसायचं. जो दिवसभर रांगत रांगत काम करतो तो दिवसभर जागा राहतो, म्हणून जास्त खातो. हा शहाणा दोन अक्षरांच्या मधेसुद्धा डुलकी काढून घेतो. आणि तू? झोपेतसुद्धा परफॉर्मन्सवर!"

मग त्यांनी स्क्रीनचा उजेड कमी केला, ब्लूटूथ बंद केलं, ब्राउझरची नको ती पानं मिटवली. लॅपटॉप उलटा करून पुन्हा पालथा हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "अजून फणफणलाय. हे सेटिंगचं दुखणं नाही. इतका तापला की तो घाबरून स्वतःच वेग कमी करतो. पोट उघडू या."

स्क्रू निघाले, झाकण निघालं. आतल्या फॅनच्या पात्यांवर आणि जाळीवर लालभडक साय धरलेली. मी जेवणाच्या सुट्टीत दुकानात सराव करायचे, मिरचीच्या चाळणीच्या शेजारी बसून. हे मला सुचायच्या आत काकांनी सवयीनं जोरात फुंकर मारली.

मिरची खोलीभर उडाली. काका शिंकले, मी शिंकले, काय झालं म्हणून पदर सावरत आलेल्या काकी उंबऱ्यातच शिंकल्या. गॅलरीतून जाणारा पोस्टमन शिंकत शिंकत परत गेला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या असताना काकांनी विचारलं, "कसली गो ही? बेडगी?"

"नाही काका, मालवणी मसाल्याची!"

"मग ही तर आमच्या घरातलीच!" काका हसले आणि पुन्हा शिंकले. "ह्याचां नाकच चोंदलां, आणि आपण सेटिंगा बदलत बसलंव!"

रंगाच्या ब्रशनं त्यांनी जाळी हळुवार साफ केली, प्रोसेसर थंड ठेवणारं, वाळून गेलेलं मलम पुसून नवं लावलं. झाकण बसवून लॅपटॉप सुरू केला. थोड्या वेळानं पालथा हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताप उतरलो."

परीक्षा काकांच्याच घरी दिली. स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर लॅपटॉप, कारण चाळीत त्याहून थंड जागा नव्हती. काकींनी भात सकाळीच उरकून ओटा पुसून दिला. खोलीत दुसरं कुणी चालणार नव्हतं, म्हणून काकी बाहेरच्या खोलीत थांबल्या आणि काका गॅलरीत खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना त्यांनी खालच्या मजल्यावर पिटाळलं. तेवढ्यात वरळी कोळीवाड्याची मासेवाली मावशी पाटी घेऊन आली. तिचा आवाज म्हणजे अख्ख्या चाळीला जाग. काकांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हातवाऱ्यांनीच बांगड्यांचा भाव केला. तीही तशीच हातवाऱ्यांनी अडून बसली. हे मला नंतर काकींकडून कळलं. "उभ्या जन्मात इतके महाग बांगडे घेतले नव्हते ह्यांनी," त्या सांगत होत्या. "मुक्यानं घासाघीस करता येते होय?"

आत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रेकॉर्डिंगमधला माणूस भराभर बोलत होता, बॅटरीचं चित्र रोडावत चाललं होतं. एका क्षणी वाटलं, आता संपलं. नजर स्क्रीनवरून न हलवता मी हाताची पालथी बाजू लॅपटॉपच्या बाजूला टेकवली. कोमट होता. शांतपणे धावत होता आणि बसत होता. मग मीही तसंच केलं. वाक्य आलं की टाइप, वाक्य थांबलं की हात मांडीवर. शेवटचं वाक्य पाठवलं तेव्हा बॅटरी शिल्लक होती. बाहेर आले तर काका खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर बांगड्यांची पिशवी. त्यांनी पिशवी खाली ठेवली. माझ्या कपाळाला पालथा हात लावला आणि आत ओरडून सांगितलं, "बांगड्यांचा तिखला कर गो, पोर थंड आसा!"

काम मिळालं. पुढे चाळ पुनर्विकासाला गेली. काका-काकी मालवणजवळच्या त्यांच्या घरी राहायला गेले. जाताना मी रडायला लागले तर काका म्हणाले, "तिकडे लाइट असते कमी आणि जाते जास्त. माझ्या विद्येची खरी गरज तिथेच आहे." तो ब्रश मात्र माझ्याकडे ठेवून गेले. त्याचे केस अजून लालसर आहेत आणि नाकाजवळ नेला तर अजून शिंक येते. मी आता दादरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, आणि दिवसभर लोकांची बोलणी ऐकून टाइप करते. लॅपटॉपच्या पोटाला पालथा हात लावते म्हणून दोघी मला हसतात. हसोत बापड्या. त्यांचे लॅपटॉप गरम झाले की माझ्याकडेच येतात.

यंदा मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. पहिल्या पेपरच्या सकाळी काकांना फोन केला आणि पुन्हा एका दमात सुरू झाले. हॉल तिकीट घेतलंय, पेन घेतलेत, पण वर्गात सगळी पोरं लहान असतील, निबंध वेळेत होईल की नाही, व्याकरण तर काहीच आठवत नाही… पलीकडे काका ऐकत होते. पाठीमागे कोंबडा ओरडत होता. आता काय ऐकायला मिळणार ते मला माहीतच होतं, म्हणून मीच म्हणून टाकलं, "माहीत आहे काका. फॅन वाजतोय माझा."

"वाजांदे गो," काका म्हणाले. "आज काम आसा."