तुर्कस्तान : यंदाची स्थिती

ठाण्यात टेंभी नाक्यावर भाजी घेताना विश्राम प्रधान दिसले की त्यांना कोणी तब्येत विचारत नाही. "काय विश्रामराव, घेतलं का हो युरोपात तुमच्या तुर्कांना?" असं विचारतात. गेली वीस वर्षं. विश्रामरावही मेथीची जुडी हातात धरून, घरातलं दुखणं सांगावं तसं सांगतात, "नाही हो. अजून नाही."

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दर एप्रिलमध्ये सात दिवस चालते. सहा दिवस वक्ते बदलतात, विषय बदलतात, चहावाला बदलतो. सातवा दिवस विश्रामरावांचा आणि विषय एकच, 'तुर्कस्तान आणि युरोपीय संघ : यंदाची स्थिती'. २००६ साली पहिल्या व्याख्यानाला नव्वद माणसं होती, कारण प्रवेशाच्या वाटाघाटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि शेवटी बटाटेवडे होते. गेल्या वर्षी अकरा होती. त्यात मी चिटणीस म्हणून, चित्रावहिनी पत्नी म्हणून आणि एक गृहस्थ तिथला पंखा चांगला आहे म्हणून. बायपासनंतर महिन्याभरातसुद्धा विश्रामराव आले होते. बसून बोलले, पण बोलले.

त्याचं कारण असं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लोकर पिंजायची यंत्रं बनवत. २००४ साली कंपनीने त्यांना यंत्रं बसवायला तुर्कस्तानात दियारबाकीरला पाठवलं. तिथल्या गिरणीचा फोरमन सेरहात हा कुर्द, म्हणजे तुर्कस्तानात राहून वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांपैकी. त्याच्याच घरी ते आठ महिने राहिले. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे मैत्री पक्की झाली. त्याच वर्षी सरकारी टीव्हीवर आठवड्यातून अर्धा तास कुर्दी कार्यक्रम सुरू झाला होता. सेरहातची आई त्या अर्ध्या तासासाठी ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून बसायची. तिला कुर्दीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

एकदा तिच्या पोटात दुखायला लागलं. विश्रामरावांनी कंपनीच्या जीपमधून तिला आणि सेरहातला दवाखान्यात नेलं. म्हातारी डॉक्टरांना हातवारे करून बराच वेळ सांगत होती. डॉक्टर म्हणाले, "तुर्कीत सांगा." मागे रांग होती. सेरहातने दोन शब्दांत सांगितलं, पोट दुखतंय. त्यांनी गोळ्या दिल्या.

परतताना विश्रामरावांनी विचारलं, "ती तर एवढं बोलत होती. काय म्हणत होती?"

"आत कोणीतरी लोकर पिंजतंय, म्हणत होती. रात्री सावकाश, पहाटे जोरात."

विश्रामरावांचा सगळा जन्म पिंजाईच्या यंत्रांत गेलेला. हे दुखणं त्यांना एका वाक्यात कळलं. डॉक्टरांना ते तिच्या शब्दांत कळवायची सोय नव्हती.

निघायच्या दिवशी सेरहात म्हणाला, "युरोपात शिरायचं तर आम्हाला हक्क द्यावे लागतील, अशी अट आहे. बघू. आमच्याबद्दल आम्ही बोललो की चौकशी होते. तू बोल. वर्षातून एकदा कुठेतरी उभा राहून आमचं काय झालं ते सांग." विश्रामराव हो म्हणाले. प्रधानांचा हा माणूस एकदा हो म्हणाला की संपलं. चित्रावहिनी सांगतात, लग्नाला हो म्हटल्यावर त्यांनी मुलगीसुद्धा पुन्हा पाहिली नाही.

यंदा मात्र समितीची नवी अध्यक्ष आसावरी म्हणाली, "अकरा माणसांसाठी हॉल द्यायचा काका? सातव्या दिवशी गुडघेदुखीचे डॉक्टर आणू. दीडशे येतील." माझे स्वतःचे गुडघे त्याच क्षणी तिच्या बाजूने कुरकुरले. पण विश्रामरावांना सांगणार कोण? आमच्याकडे माणसाला थांब म्हणायची पद्धत नाही. त्याचा सत्कार करतात. तसंच ठरलं. शाल, नारळ, मानपत्र आणि मग गुडघे.

मानपत्र आसावरीने लिहिलं. फोनवर शोधताना तिला दिसलं की कुर्दांच्या सशस्त्र संघटनेने गेल्या जुलैत शस्त्रं खाली ठेवायला सुरुवात केली. म्हणजे मिटलं. तिने लिहिलं, 'हा प्रश्न सुटेपर्यंत वीस वर्षं अखंड पाठपुरावा केल्याबद्दल'. मी ते तपासलं. वीस वर्षं सगळी व्याख्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकलेला मी, 'छान' म्हणालो.

सातव्या दिवशी हॉल भरला होता. गुडघे चोळत बसलेल्या दीडशे लोकांसमोर आसावरीने मानपत्र वाचलं आणि शाल उलगडली. विश्रामरावांनी हात वर केला.

"थांब बाळ. सुटलेला नाही."

त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. चारच मिनिटं बोलले. वाटाघाटी २००५ साली सुरू झाल्या, २०१८पासून ठप्प आहेत. मध्ये कुर्दी वाहिनी आली, शाळेत ऐच्छिक तास आला. शस्त्रं खाली येतायत, ही फार चांगली गोष्ट. पण सगळं शिक्षण कुर्दीत अजून नाही. "आणि सेरहातची आई २०११ साली गेली, त्याच दवाखान्यात. शेवटपर्यंत तिचं दुखणं डॉक्टरांना तिच्या भाषेत कळलं नाही. ही यंदाची स्थिती."

मागून पंख्याखालच्या गृहस्थांनी विचारलं, "आणि सेरहात?" वीस वर्षांत त्यांचा हा पहिला प्रश्न.

"२०१६ साली नोकरी गेली त्याची. २०१७नंतर पत्र नाही."

मग त्यांनी शालीची नीट घडी घातली आणि आसावरीच्या हातात ठेवली. "ही सांभाळ. सुटेल तेव्हा पांघरीन. मी नसलो तर तू बोल."

डॉक्टरांनी गुडघ्यांवर चांगलं सांगितलं असावं. मला त्यातलं काही आठवत नाही.

शाल वाचनालयाच्या कपाटात आहे. आसावरीने त्यात डांबरगोळ्या घातल्यात. पुढच्या एप्रिलच्या यादीत सातव्या दिवसापुढे तिने मला न विचारताच विश्रामरावांचं नाव लिहिलंय.

परवा टेंभी नाक्यावर विश्रामराव दिसले. नेहमीची थट्टा माझ्या ओठांवर आली होती. बाहेर पडलं ते वेगळंच. "सेरहातचं काही कळलं का हो?"

त्यांनी मेथी पिशवीत ठेवली. "नाही हो," म्हणाले, "अजून नाही."