नानांच्या हाताला करंट लागत नसे

जुन्या घरात वायरिंग बदलायला गेलं की एक गोष्ट ठरलेली. तुम्ही शिडी लावून छताशी चढलात की घरातली झाडून सगळी माणसं शिडीखाली जमतात. वरून माती खाली पडत राहते आणि खालून किस्से वर येत राहतात! संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी डोक्यातली माती झटकायची आणि मग विचारायची, "हं, आज काय झालं?" असे किती साठले ते देवालाच ठाऊक. हे बहुतेक दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाचे, धुळे-जळगावातले.

आम्ही तिघं होतो. नाना हेडमिस्त्री, मी वायरमन, आणि तारांवरच्या लाकडी पट्ट्या करणारे गफूरचाचा सुतार. नाना मूळचे पिंपळनेरकडचे, बोलणं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारे. वयाच्या तिशीपर्यंत नांगर धरलेला माणूस, मग या धंद्यात आलेला. हाताला घट्टे असे की खिळा उलट्या बाजूने दाबला तरी यांना पत्ता नाही. आणि हा माणूस तारेत करंट आहे की नाही ते हात लावून बघायचा!

माझा कामाचा पहिला दिवस. नानांनी उघडी तार दोन बोटांत धरली, जरा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, "काहीच नही शे. धर." मी धरली. पुढचं मला आठवतं ते जमिनीवरून. नाना वाकून माझ्याकडे बघत होते. काळजीने नाही, कुतूहलाने.

"हां," म्हणाले, "म्हणजे शे वाटतं!"

*

धुळ्यात एक अडते होते. त्यांच्याकडे फ्यूज फार उडायचा. वैतागून त्यांनी जिनिंगच्या कारखान्यातून कापसाच्या गाठीला बांधायची जाड तार आणली आणि फ्यूजमध्ये ठोकून बसवली. वर आम्हाला कौतुकाने दाखवतायत, "सहा महिने झाले, एकदाही उडाला नाही!"

नानांनी ती तार बघितली, मग छताचं सागवान बघितलं, मग कोपऱ्यातलं कापसाचं बोचकं बघितलं.

"शेठ, फ्यूज आता कधीच नाही उडायचा," नाना म्हणाले. "उडायचं ते घर उडेल."

त्याच घरात दसऱ्याला मीटरच्या फळीची पूजा व्हायची. आता पूजेला कोण नाही म्हणेल? आम्हीही पकडीची करतोच की. पण शेठाणी मेन स्विचला दुधापाण्याने आंघोळ घालायच्या! मी हात जोडून म्हटलं, "अहो अक्का, पाणी नको, जीव जाईल." अक्का शांतपणे म्हणाल्या, "अरे, गेल्या दसऱ्याला नारळसुद्धा इथंच फोडला. काही झालं नाही."

गफूरचाचा पट्टी तासता तासता म्हणाले, "देव आहे म्हणतात ते खोटं नाही."

*

अर्थिंगचं म्हणाल तर लोकांना ते पटवणं महाकठीण. जमिनीत खड्डा करायचा, त्यात पत्रा पुरायचा, वर कोळसा आणि मीठ घालायचं, आणि रोज पाणी ओतायचं. तीन दिवस लोक पाणी ओततात, चौथ्या दिवशी विसरतात. नानांनी डोकं चालवलं. खड्डा थेट तुळशीवृंदावनाच्या पायाशी घेतला! तुळशीला पाणी घालायला कोणती बाई विसरते? मी तर नानांच्या पायाच पडलो.

पंधरा दिवसांत तुळस वाळली. मीठ नाही का! घरची बाई ऐन अंगणात उभी राहून आम्हाला असं काही बोलली की शेजारचे पाडव्याची गुढी बघायला यावं तसे गच्चीवर आले. सवाष्ण बाईच्या दारची तुळस वाळली म्हणजे चेष्टा आहे? नवी तुळस आणून दिली, खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याखाली हलवला, तेव्हा कुठे चहा मिळाला. नाना मात्र खूश. परतताना म्हणाले, "पन पानी रोज जाये का नही?"

*

एका घरी नवी तार भिंतीवर खुंट्यांवरून ताणून ठेवली आणि जेवायला गेलो. पट्टी मागून बसवायची होती. येऊन बघतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली लुगडी! घरच्या काकी म्हणाल्या, "इतकी छान ताणलेली दोरी, नुसती कशी सोडायची?"

करंट अजून जोडला नव्हता म्हणून बरं. नानांनी त्या दिवसापासून नियमच केला. काम अर्धं टाकून जेवायला जायचं नाही. उपाशी राहिलो आम्ही, पण लुगडी वाचली आणि काकीही.

*

दिवेलागणीला हातपाय धुऊन दिवा लावायची आपली रीत. तेलाच्या दिव्याला ती शोभते. पण बायका ओल्या हाताने बटण दाबायला लागल्या आणि घराघरांतून किंकाळ्या! नाना सांगून सांगून थकले. शेवटी एका अक्कांनी तोड काढली. हात धुवायचे, मग कोरडं लाटणं घ्यायचं, आणि लाटण्याने बटण दाबायचं. दिवा लागला की त्याला नमस्कार.

"आख्खा गावमा ही एकच शहाणी शे," नाना म्हणाले आणि पुढे प्रत्येक घरी काम संपलं की विचारायचे, "लाटणं कुठे ठेवता?"

*

आता जळगावचं सांगतो.

कापसाचे व्यापारी होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. घर जुनं, गावात वीज आली तेव्हा घाईघाईने ओढलेल्या तारा, वरचं कापड कुजलेलं. सगळं बदलायचं होतं. घरात आबा, काकू, मुलगा आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली सून कमल. पोर जामनेरची.

पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "नाना, जरा स्वयंपाकघरातली मोरी बघा. आमच्या सूनबाईंना खिडकी चावते!"

कमल मोरीत भांडी घासायची आणि फडकं पिळून खिडकीच्या लोखंडी गजावर वाळत घालायची. गजाला हात लागला की किंचाळायची, भांडी टाकायची. दोन तांबे चेपले होते. दुसऱ्या कुणाला काही व्हायचं नाही. मोरीत ओल्या पायांनी उभं राहायला दुसरं होतंच कोण?

नानांनी गज धरला. कोरडा हात, कोरड्या फरशीवर पाय. छताकडे बघितलं. "काहीच नही शे."

"ऐकलंस?" काकू सुनेला म्हणाल्या. आबा म्हणाले, "नानांचा हात म्हणजे कोर्टाचा निकाल."

कुजलेली तार भिंतीत गजाला टेकली असेल तर करंट ओल्या पायांनाच लागणार, हे मला तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोललो. ज्यांनी मला धंदा शिकवला त्यांचा हात खोटा आहे, हे परक्या घरात कसं म्हणायचं? मी खाली मान घालून स्क्रू पिळत राहिलो.

चार दिवस आम्ही पुढच्या खोल्यांत होतो. पाचव्या दिवशी सकाळी गेलो तर दारात दमणी उभी, बैल जुंपलेले. जामनेरहून कमलचा भाऊ आला होता. पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय, महिनाभर माहेरी राहू द्या, असा निरोप गेला होता. असा महिना कधी संपत नाही, हे त्या भावालाही कळत होतं. ओसरीवर बसला होता बिचारा, चहाचा पेला हातात तसाच. कमल स्वयंपाकघराच्या दाराशी ट्रंक घेऊन उभी. रडून झालेलं दिसत होतं.

मी हातातली पकड खाली ठेवली. म्हटलं, गेला धंदा तर गेला.

"नाना, एकदा दिवा लावून बघू?"

टेस्टिंगचा दिवा म्हणजे होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन तारा. नानांना तो दिवा डोळ्यांसमोर नको असे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अर्धा झालो. "मना हातवर भरोसा नही?" म्हणाले, आणि रागारागाने जाऊन दोन्ही हातांनी गज धरला. "ये! बघ!"

मी एक तार अर्थिंगला बांधली आणि दुसरी नानांच्या मुठीशेजारी गजाला टेकवली.

बल्ब लागला. लख्ख! नानांच्या नाकासमोर.

नाना बल्बकडे बघतायत, मग स्वतःच्या हातांकडे. मग त्यांनी गज सोडला, डोक्यावरची टोपी काढली आणि कमलसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, तुना हात खरा शे. मना खोटा."

आबांनी ओसरीवर जाऊन पाहुण्याला सांगितलं, "बैल सोडा, राव. जेवून जा." मला तर हुंदकाच आला, लाज कशाला वाटायची!

पण काकू! काकूंना अजून पटेना. नुकत्याच अंगणातून पाय धुऊन आल्या होत्या, फरशीवर ओली पावलं उमटलेली. "बल्बचं काय घेऊन बसलात," म्हणाल्या, "मी स्वतः हात लावून बघते." आणि निघाल्या तरातरा खिडकीकडे. मी मेन स्विचकडे धावलो.

धाडकन ट्रंक पडली. इतका वेळ मान वर न केलेल्या कमलने सासूचं मनगट घट्ट धरलं होतं.

"आत्याबाई, आधी पाय पुसा!"